एकच इथर, किती ठिकाणी जामीन?

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय पस्तिशीच्या आसपास, मिहानमधल्या आयटी कंपनीत नोकरी. २०२० च्या अखेरीस त्यांनी थोडे थोडे करत तीन इथर (इथेरियम या नेटवर्कचं क्रिप्टो चलन) घेतले, सरासरी ४० हजार रुपयांना एक. त्यातला अर्धा इथर वर्षभरापूर्वी क्रिप्टो एक्स्चेंजच्या ॲपमध्ये 'अर्न'चं बटण दाबून स्टेकिंगला, म्हणजे मोबदल्यासाठी नेटवर्कमध्ये अडकवून, लावला, बाकीचे अडीच तसेच पडून आहेत. बंगळूरला असलेला धाकटा भाऊ म्हणतो, नुसतं स्टेकिंग आता जुनं झालं, रीस्टेकिंग कर, त्यात तेच पैसे दोनदा कमावतात. ताईंना धास्ती वाटते ती स्लॅशिंगची, म्हणजे अडकवलेल्या इथरमधून दंड कापला जाण्याची. उन्हाळ्यात लाइट गेली, यंत्र बंद पडलं आणि पैसे कापले गेले तर?

त्यात वडिलांची भर पडली आहे. ते गेल्या वर्षी वेकोलितून (वेस्टर्न कोलफिल्ड्स) निवृत्त झाले आणि उमरेडला राहतात. दोन वर्षांनी मुलाचं लग्न, त्याआधी घरावर वरचा मजला चढवायचा म्हणून आठ लाख रुपये त्यांनी एफडीत ठेवले आहेत. बहीणभावाचं फोनवरचं बोलणं ऐकून ते म्हणाले, "तुह्या भावाले समजते नं सारं, मंग माह्ये आठ लाख बी टाकून द्या. जास्त भेटून राहिलं तं काऊन सोडाचं?"

ताई लिहितात: "स्टेकिंग म्हणजे एफडीच ना? मग मी उगाच घाबरते आहे का? बाबांना नाही म्हटलं तर भावावर विश्वास नाही असा अर्थ निघेल. हो म्हटलं तर मला झोप लागणार नाही. यातलं काहीच मी नवऱ्याला अजून नीट सांगितलेलं नाही."

ताई,

बाबांच्या आठ लाखांचं आधी सांगते, कारण त्यात मला काही तोलून बघावं लागत नाही. त्यातला एक रुपयाही इकडे वळवू नका. दोन वर्षांच्या आत गवंड्याला आणि सळईवाल्याला रुपयांत द्यायचे पैसे आहेत ते. नोव्हेंबर २०२१ मध्ये इथर ४,८०० डॉलरच्या वर गेला होता आणि जून २०२२ मध्ये तो १,००० डॉलरच्याही खाली आला. मध्ये फक्त सात महिने. वरच्या मजल्याचे पैसे त्या नोव्हेंबरात कुणी इथरमध्ये घातले असते, तर जूनच्या तळाला स्लॅब टाकायला जेमतेम पाचवा हिस्सा हातात उरला असता. स्टेकिंगचा मोबदला वर्षाला साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असतो आणि तोही इथरमध्येच मिळतो. किमतीच्या अशा घसरणीपुढे तो कुठेच पुरा पडत नाही.

आता तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी जाऊ. स्टेकिंग म्हणजे एफडी, असं तुम्ही धरून चालला आहात. बहुतेक ॲप तसंच भासवतात: टक्केवारी मोठ्या अक्षरात, खाली कालावधी, त्याखाली हिरवं बटण. पण पैसा कुठून येतो ते बघा. एफडीत बँक तुमचे पैसे कुणाला तरी कर्जाऊ देते, त्याच्या व्याजातला वाटा तुम्हाला मिळतो, आणि बँक बुडालीच तर पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. स्टेकिंगमध्ये तुमचा इथर कुणी कर्जाने घेत नाही आणि विमाही नसतो. तिथे इथर जामीन म्हणून उभा असतो.

कसा, ते सांगते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंग सोडलं. त्याआधी व्यवहारांची नोंद खरी ठेवण्यासाठी हजारो यंत्रं वीज जाळत होती. ती वीज जवळपास सगळीच, ९९.९५ टक्क्यांच्या आसपास, वाचली. विजेच्या जागी आता तारण आलं. किमान ३२ इथर अडकवून ठेवले की एक व्हॅलिडेटर, म्हणजे नोंदींचा राखणदार, उभा राहतो. दर १२ सेकंदांना एका ब्लॉकची, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्याची, पाळी येते, तो कुणी मांडायचा हे सोडतीने ठरतं. ३२ पाळ्या मिळून ६ मिनिटं २४ सेकंद होतात. तेवढ्या वेळात प्रत्येक व्हॅलिडेटर एकदा मत देतो की मला दिसणारी नोंदवही ही अशी आहे. वेळेवर आणि खरं मत दिलं की थोडा नवा इथर मिळतो, ब्लॉक मांडायची पाळी आली की व्यवहार करणाऱ्यांनी दिलेली टीपही मिळते. परस्परविरोधी मतं दिली तर तारणातून कापून घेतात. तुम्हाला मिळतो तो मोबदला या राखणीचा आणि त्यासाठी पत्करलेल्या धोक्याचा आहे. जितके जास्त लोक स्टेक करतील तितका एकेकाच्या वाट्याला कमी येतो, म्हणून एफडीसारखा तो दर कुणी लिहून देऊ शकत नाही.

लाइट जाण्याची तुमची धास्ती मात्र मनातून काढून टाका. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, ट्रान्सफॉर्मर उडतात, हे नागपुरात राहणाऱ्याला कुणी सांगायला नको. पण व्हॅलिडेटर बंद पडला म्हणून स्लॅशिंग होत नाही. बंद राहिलेल्या वेळात जेवढं मिळालं असतं, साधारण तेवढंच वजा होतं. दुपारभर लाइट नसली तर चहाच्या पैशांएवढं नुकसान. शिवाय तुमचं यंत्र घरी नाहीच, ते एक्स्चेंज चालवतं. स्लॅशिंग होतं ते एकाच पाळीसाठी दोन वेगळे ब्लॉक मांडले किंवा एकमेकांना खोडणारी मतं दिली तर. प्रत्यक्षात असं बहुतेक वेळा हलगर्जीने घडतं. एक यंत्र बंद पडेल म्हणून कुणी त्याच डिजिटल सहीच्या किल्ल्या दुसऱ्या यंत्रावरही चढवून ठेवतो, आणि दोन्ही एकदम बोलू लागतात. वीज जाण्याच्या भीतीने केलेली ही दुहेरी सोयच महागात पडते.

त्या शिक्षेतली एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढे भावाशी बोलताना ती लागेल. मे २०२५ च्या सुधारणेनंतर सुरुवातीचा दंड तारणाच्या ४,०९६ व्या भागाइतका, म्हणजे किरकोळ आहे. पण त्याच सुमारास आणखी किती व्हॅलिडेटर चुकले यावर दुसरा दंड ठरतो. एकटा चुकला तर तो जवळपास नगण्य. एकूण तारणाचा तिसरा हिस्सा एकाच काळात दोषी ठरला, तर सगळं तारण जाऊ शकतं. सगळ्यांनी एकाच कंपनीच्या यंत्रणेवर, एकाच सॉफ्टवेअरवर विसंबून राहणं हा इथला मोठा धोका आहे, आणि ॲपवरच्या टक्केवारीत तो कुठेही दिसत नाही.

आता रीस्टेकिंग. तुमचा भाऊ चुकीचं काही सांगत नाहीये, अर्धंच सांगतो आहे. पतसंस्थेत एखाद्याच्या कर्जाला जामीन राहणं आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. शेताच्या एकाच तुकड्याच्या जोरावर एकाला जामीन राहिलात. त्याने हप्ते वेळेवर फेडले, तुमचा मानही राहिला. मग दुसरा आला, तिसरा आला. शेत तेवढंच आहे. प्रत्येक सहीबरोबर तुम्हाला थोडं काही मिळत असेलही, पण यातला कुठलाही एक बुडला की वसुली त्या एकाच शेतावर येते. रीस्टेकिंगमध्ये नेमकं हेच होतं. इथेरियमसाठी आधीच तारण असलेला इथर दुसऱ्या सेवांसाठीही तारण म्हणून देतात. कुणाला माहिती साठवण्याची सेवा चालवायची असते, कुणाला एका साखळीतून (ब्लॉकचेनमधून) दुसरीत पूल बांधायचा असतो, कुणाला बाहेरचे भाव साखळीवर आणायचे असतात. प्रत्येकाने स्वतःचे व्हॅलिडेटर शून्यापासून जमवायचे तर वर्षं जातात. त्याऐवजी इथेरियमची तयार पत ते भाड्याने घेतात. कल्पना हुशारीची आहे यात वाद नाही.

ती रुजवली आयगनलेअर या प्रकल्पाने. श्रीराम कन्नन यांनी तो उभा केला आणि २०२३ मध्ये तो टप्प्याटप्प्याने सुरू झाला. पण ज्या दंडाच्या धाकावर ही सगळी रचना उभी आहे, तो स्लॅशिंगचा भाग तिथे १७ एप्रिल २०२५ ला लागू झाला. त्याआधीची जवळपास दोन वर्षं लोक तारण ठेवत होते, पॉइंट आणि पुढे मोफत टोकन (प्रकल्पाची स्वतःची डिजिटल नाणी) मिळवत होते, आणि कापून मात्र काही जात नव्हतं. भाऊ "मी इतके दिवस करतोय, काही झालं नाही" असं म्हणत असेल, तर त्यातले कुठले दिवस या तारखेच्या आधीचे आहेत ते त्याला विचारा. त्या दिवसांवरून धोक्याचा अंदाज बांधता येत नाही.

बाजू दोन्ही सांगायला हव्यात. स्लॅशिंग लागू करताना आयगनलेअरने एक चांगली सोय केली. तारण सांभाळणारा ऑपरेटर प्रत्येक सेवेला तारणाचा वेगळा हिस्सा नेमून देतो, आणि ती सेवा तेवढ्याच हिश्शातून कापू शकते. त्यामुळे एका सेवेच्या गोंधळात सगळं शेत जात नाही. पण मग तेच पैसे सगळीकडे एकदम कमावतात ही जाहिरातही तितकीशी खरी उरत नाही, हिस्सा वाटला की कमाईही वाटली जाते. इथेरियमची स्वतःची वसुली मात्र पूर्वीसारखी संपूर्ण तारणावरच राहते. आणि हिस्से कुणाला किती द्यायचे हे ठरवतो ऑपरेटर. तुम्ही त्याचं नाव एकदा निवडता, पुढच्या सह्या तोच करतो.

इथेरियमचे सहसंस्थापक विटालिक ब्युटेरिन यांनी मे २०२३ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. व्हॅलिडेटरांचं तारण दुसरीकडे वापरण्याला त्यांचा सरसकट विरोध नव्हता, त्यात काही धोके आहेत एवढंच त्यांनी म्हटलं. काळजी वेगळी होती. बाहेरची एखादी सेवा बुडाली, तर तिचं नुकसान भरून काढायला इथेरियमच्या सगळ्या समुदायाने निर्णय फिरवावा, अशी अपेक्षा निर्माण होता कामा नये. मला हे महत्त्वाचं वाटतं. तुमचं नुकसान झालं तर मागे कुणी उभं राहणार नाही, असंच नेटवर्क बांधणारे लोक उघडपणे सांगत आहेत.

यावर आणखी एक थर असतो, आणि भाऊ बहुधा त्याच थरातून काम करतो. ३२ इथर नसलेली माणसं लिक्विड टोकन घेतात. इथर दिला की बदल्यात पावतीवजा टोकन मिळतं, ते विकता येतं, त्यावर कर्जही काढता येतं. स्टेकिंगसाठी लिडो या सेवेचं एसटीइथ हे सगळ्यात मोठं. रीस्टेकिंगसाठीही अशी टोकन आहेत. सगळं सुरळीत असताना टोकनचा भाव इथरच्या जवळपास राहतो. पण जून २०२२ मध्ये बाजारात पळापळ झाली, तेव्हा एसटीइथ इथरपेक्षा पाचसहा टक्के स्वस्त विकलं जात होतं. अडकलेला इथर परत मिळायची सोयच तेव्हा नव्हती, ती १२ एप्रिल २०२३ ला आली. एप्रिल २०२४ मध्ये रेन्झो या प्रकल्पाच्या ईझीइथ या रीस्टेकिंग टोकनचं त्याहून वाईट झालं. इथर ३,००० डॉलरच्या वर असताना ते काही काळ हजार डॉलरच्याही खाली विकलं गेलं. भाव नंतर सावरला, पण ज्यांनी त्यावर कर्ज उचललं होतं त्यांचं तारण मधल्या मध्ये विकलं गेलं आणि ते परत आलं नाही. दोन्ही वेळा स्लॅशिंग झालेलं नव्हतं. कुणी चुकलं नव्हतं. सगळ्यांना एकाच वेळी दारातून बाहेर पडायचं होतं, एवढंच.

बाहेर पडायला किती दिवस लागतात हे म्हणूनच आधी विचारायचं. आयगनलेअरमधून काढायला सध्या चौदा दिवसांची थांबण्याची अट आहे. त्यापुढे इथेरियमची स्वतःची रांग. ती कधी काही तासांची असते, पण सप्टेंबर २०२५ मध्ये ती चाळीस दिवसांच्या वर गेली होती. घरात अचानक दवाखान्याचा खर्च निघाला तर हे दोन आकडे आठवतील.

आता तुमचेच आकडे घेऊन बसू. हिशेबापुरता इथरचा भाव अडीच लाख धरते. तीन इथर म्हणजे साडेसात लाख. तीन टक्क्यांनी वर्षाला ०.०९ इथर, म्हणजे २२,५०० रुपये. पगारावरून तुम्ही तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाव्यात असं धरलं, तर उपकरासह ३१.२ टक्के जाऊन हातात साधारण १५,५०० राहतात. रीस्टेकिंगने वर आणखी एक टक्का मिळाला असं समजा. तो झाला ७,५०० रुपये, कर जाऊन ५,१६०. महिन्याचे ४३० रुपये. यासाठी साडेसात लाखांवर दुसऱ्यांच्या सह्या होऊ द्यायच्या का, हा खरा प्रश्न आहे. टक्केवारी ऐकताना तो दिसत नाही, रुपये मांडले की लगेच दिसतो.

आणि कराची गोष्ट इथे संपत नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. खरेदीच्या किमतीशिवाय कसलीच वजावट नाही, तोटा दुसऱ्या कुठल्याही उत्पन्नातून वळता करता येत नाही आणि पुढच्या वर्षी नेताही येत नाही. म्हणजे स्लॅशिंगमध्ये गेलेला इथर कराच्या हिशेबातही तुमच्याच डोक्यावर बसतो. त्याहून मोठी अडचण अशी की एका क्रिप्टोच्या बदल्यात दुसरं घेणं हेही हस्तांतरणच धरतात. इथर देऊन लिक्विड टोकन घेतलं तर आयकर खातं त्याला अदलाबदल म्हणू शकतं. बरेच सीए तसंच धरून चालतात. ही नुसती ठेवीची पावती आहे असा युक्तिवाद करता येतो, पण कायद्यात तसा स्पष्ट खुलासा नाही. तुमचे तीन इथर १ लाख २० हजारांचे, आज धरलेल्या भावाने साडेसात लाखांचे. नफा ६ लाख ३० हजार, त्यावर कर १ लाख ९६ हजार ५६० रुपये. एक रुपया हातात न येता! भावाने तुम्हाला हे सांगितलं नसेल, कारण त्याने इथर अलीकडे चढ्या भावाने घेतले असतील तर त्याच्या हिशेबात ही रक्कम फारशी दिसणारच नाही. २०२० पासून धरून ठेवणाऱ्यांसाठी मात्र 'फक्त कन्व्हर्ट करा' या बटणामागे कित्येक वर्षांच्या मोबदल्याएवढा कर लपलेला असू शकतो. तुमच्यासारख्या जुन्या धारकांनी बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचावं.

जो अर्धा इथर 'अर्न'मध्ये आहे, त्याचं काय होतंय ते तपासा. ॲपच्या अटी उघडून बघा की तो खरोखर स्टेकिंगला लागला आहे की एक्स्चेंज तो कुणाला उसना देतं. दोन्ही प्रकार एकाच बटणाखाली ठेवलेले सापडतात. एक्स्चेंजवरचा इथर म्हणजे त्यांच्याकडून तुमचं येणं, एवढंच. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकून पडले. त्यांनी कुठला धोका पत्करला नव्हता, नुसते ठेवले होते. आणि वर्षभर मिळालेला मोबदला रिटर्नमध्ये दाखवलेला नसेल तर सीएला आताच सांगा. तो मिळाल्या दिवशीच्या भावाने उत्पन्न धरतात, पुढे विकल्यावर वाढीवर वेगळा कर. राहून गेलं असेल तर अपडेटेड रिटर्न भरता येतं. रक्कम लहान आहे, आत्ता निस्तरणं सोपं आहे.

नवऱ्याचा विषय तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत उरकला आहे. मला तो त्याहून मोठा वाटतो. बँकेत नॉमिनी असतो, शाखेत जाऊन अर्ज करता येतो. स्वतःच्या वॉलेटमधल्या इथरला १२ किंवा २४ शब्दांचा संच एवढाच आधार असतो, तो हरवला तर कुठल्याही शाखेत दाद मागता येत नाही. तुम्हाला उद्या काही झालं तर साडेसात लाख घरच्यांना कधी सापडणारच नाहीत. या रविवारी दोघं बसा. किती आहे, कुठे आहे, शब्द कुठे लिहून ठेवले आहेत, कर किती लागेल, सगळं एका कागदावर. कदाचित हा कागद लिहिताना तुमचाच निर्णय होऊन जाईल. नवऱ्याला समजावून सांगता येणार नाही असा थर आपल्या पैशांवर चढवू नये, असं माझं मत आहे.

मग करायचं काय? तुमच्या जागी मी असते तर अडीच इथर आहेत तसे ठेवले असते. पडून असलेला इथर म्हणजे वाया जाणारा इथर, हे ॲपवाल्यांनी आपल्या डोक्यात भरवलेलं आहे. ४० हजारांचे अडीच लाख झाले ते भावातल्या वाढीमुळे, त्यात स्टेकिंगचा वाटा अगदी थोडा. स्टेकिंग करायचंच असेल तर पुढची तीनचार वर्षं विकायचे नाहीत असं ठरवलेले एखाददुसरे इथर लावा, साधं स्टेकिंग, आणि टोकनच्या अदलाबदलीचा प्रश्न सीएकडून लेखी निपटून घेतल्यावरच. रीस्टेकिंगला आज माझं उत्तर नाही असं आहे. तंत्र वाईट आहे म्हणून नव्हे, तुमच्या आकड्यांना ते परवडत नाही म्हणून. ज्याच्याकडे शेकडो इथर आहेत, जो स्वतः ऑपरेटर चालवतो, प्रत्येक सेवेच्या अटी वाचतो, त्याचं गणित वेगळं असेल.

हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही थोडं. 'स्टेकिंग प्लॅन' या नावाने व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर रोजचा ठरलेला टक्का देणाऱ्या योजना फिरतात. माणसं जोडली की कमिशन, हॉटेलात सेमिनार, पहिले दोन महिने वेळेवर पैसे. २०१३-१४ च्या सुमारास ठेवीदारांना बुडवणाऱ्या कंपन्यांची नावं नागपूरकरांना सांगायला नकोत, निवृत्तीचे पैसे गेलेली घरं आपल्या ओळखीत आहेत. खऱ्या स्टेकिंगमध्ये ठरलेला दर नसतो, रोजचा टक्का तर नसतोच. तपासायची सोपी खूण अशी: इथेरियमचा प्रत्येक व्हॅलिडेटर जाहीर असतो. त्याचा क्रमांक एक्स्प्लोररवर, म्हणजे साखळीच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, टाकला की तो कधीपासून आहे, किती मतं चुकली, किती मिळालं, हे कुणालाही दिसतं. योजनावाल्याला व्हॅलिडेटरचा क्रमांक मागा. तो टाळाटाळ करू लागला की उठून या. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत खातं गोठवता आलं तर काही वाचतं.

बाबांना काय सांगायचं ते राहिलं. फोनवर नको, उमरेडला जाऊन बोला, आणि "भावाला कळत नाही" हे वाक्य अजिबात नको. बाबांना ब्लॉकचेनमध्ये रस आहे असं मला पत्रावरून वाटत नाही. मुलगा आणि मुलगी मिळून काहीतरी चांगलं करत आहेत, त्यात आपलेही पैसे असावेत, अशी ती इच्छा दिसते. तिचा मान ठेवता येईल असं काही सुचवा. वय ६० झालं असेल तर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. तिचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला, मर्यादा ३० लाख आहे आणि व्याज दर तिमाहीला हातात येतं. मुदत पाच वर्षांची आहे, वर्षानंतर थोडी रक्कम कापून बंद करता येते. तेव्हा वरच्या मजल्याचे पैसे सगळे तिथे नकोत, बांधकामाच्या तारखेप्रमाणे काही एफडीतच राहू द्या. त्यांना आकडे दाखवा: इथरमध्ये तीन टक्के, इथे आठच्या वर, तेही रुपयांत. "जास्त भेटून राहिलं" हा त्यांचा मुद्दा तिथेच सुटतो, आणि भावाचा अपमानही होत नाही.

भावाला प्रश्न विचारा, वाद घालू नका. ऑपरेटर कोण आहे? त्याने आतापर्यंत कुठल्या सेवांना किती हिस्सा नेमून दिला आहे? कुठल्या चुकीला किती कापतात, आणि ती चूक झाली हे ठरवतं कोण? मोबदला इथरमध्ये मिळतो की त्या सेवेच्या स्वतःच्या टोकनमध्ये, आणि ते टोकन विकायला गेलं तर घेणारा आहे का? आज काढायचं म्हटलं तर पैसे कुठल्या तारखेला हातात येतील? त्याला सगळी उत्तरं येत असतील तर तो अभ्यास करून उतरला आहे, आणि त्याच्या पैशांचा निर्णय त्याचा आहे. येत नसतील तर तोही शोधायला लागेल, त्यात त्याचंच भलं आहे. हे उत्तर त्याला पाठवायला माझी हरकत नाही. त्याचं म्हणणं वेगळं असेल तर ऑपरेटरचं नाव आणि अटी घेऊन त्याने मला लिहावं, पुढच्या वेळी त्याचं पत्र घेऊ.